लढाऊ विमानांच्या इंजिनांची कार्यक्षमता : 'कावेरी' व 'एफ-४१४' यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना :
लढाऊ विमानाच्या इंजिनाचे मूल्यमापन केवळ त्याच्या रेट्यावरून करता येत नाही. तो रेटा देताना इंजिनाचे स्वतःचे वजन किती आहे, हाही तितकाच महत्त्वाचा निकष होय. रेटा व वजन यांचे गुणोत्तर जितके अधिक, तितके विमान चपळ आणि इंधन व शस्त्रे वाहून नेण्यास समर्थ ठरते. प्रस्तुत लेखात या निकषावर भारताचे 'कावेरी' व अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे 'एफ-४१४' या इंजिनांची तुलना केली आहे.

तुलना :
बंगळूर येथील गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संस्थेच्या कावेरी प्रकल्पास १९८९ मध्ये मंजुरी मिळाली. आफ्टरबर्नरसह ८१ किलोन्यूटन रेटा व ११०० किलोग्रॅम वजन हे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात रेटा ७० ते ७५ किलोन्यूटनच्या आसपास राहिला आणि वजन १२३५ किलोग्रॅमपर्यंत गेले. त्यामुळे अपेक्षित ७.५ या गुणोत्तराऐवजी सुमारे ६ इतकेच गुणोत्तर साध्य झाले. २००८ मध्ये हे इंजिन 'तेजस' प्रकल्पापासून वेगळे करण्यात आले.

'एफ-४१४' चा रेटा ९८ किलोन्यूटन असून गुणोत्तर सुमारे ९ आहे. विशेष म्हणजे 'तेजस'मध्ये वापरल्या जाणाऱ्या 'एफ-४०४' या इंजिनाचेच ते विकसित रूप होय. दोहोंची लांबी व व्यास जवळजवळ सारखेच आहेत. आकार न वाढविता हवेचा दाब व अंतर्भागातील तापमान वाढवून हा लाभ मिळविला गेला. 'एफ-४१४' मध्ये हवा सुमारे ३० पट दाबली जाते, तर कावेरीत सुमारे २१ पट.

कारणमीमांसा :
टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचे तापमान पात्याच्या धातूच्या द्रवणांकाहूनही अधिक असते. पाते टिकते ते त्याच्या पोटातून खेळविलेल्या थंड हवेमुळे, सिरॅमिक लेपामुळे व धातूच्या स्फटिकरचनेमुळे. स्फटिकांच्या सीमारेषांवर धातू प्रथम दुबळा होतो; एकस्फटिकी पात्यात या सीमाच नसतात. कावेरीसाठी एकदिश घनीभवनाची पाती वापरली गेली. त्यांत उभ्या सीमा शिल्लक राहतात.

सुचविलेल्या सुधारणा :
१) टर्बाइनमध्ये एकस्फटिकी पाती वापरावीत. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने २०२१ मध्ये हेलिकॉप्टर इंजिनासाठी अशी ६० पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली. म्हणजे या तंत्राचा पाया देशात आहे.
२) पंखा व कॉम्प्रेसर यांच्या निवडक टप्प्यांत पाती व चकती एकसंध घडवावी. सांधे टळल्याने वजन घटते.
३) कमी तापमानाच्या बाह्य आवरणासाठी संमिश्र पदार्थ वापरावेत.
४) उड्डाण-चाचणीसाठी स्वतःचे विमान असावे. २०१० मध्ये कावेरीची अशी चाचणी रशियात आयएल-७६ विमानावर करावी लागली. परदेशातील सोयीची वाट पाहण्यात प्रत्येक दुरुस्तीचा काळ लांबतो.

निष्कर्ष :
कावेरीची उणीव मुख्यतः उष्णता सोसण्याच्या क्षमतेत व वजनात आहे. त्यामुळे इंजिन मोठे करण्यापेक्षा धातुशास्त्र व चाचणी यांत सातत्याने गुंतवणूक करणे अधिक फलदायी ठरेल. असे न झाल्यास विमान स्वदेशी राहील, परंतु त्याचे हृदय परकेच असेल.