पाणी तोडलं की साखर भरते : मॅरेथॉनच्या आधीचे वीस दिवस



गळीत हंगाम ऐन भरात आहे. पहाटे रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे चाललेल्या असतात आणि त्यांच्या उजेडात वाशीहून सरमकुंडी फाट्याकडे एक माणूस पळताना दिसतो. परवा एका सभासदाने ट्रॅक्टर हळू करून विचारलं, "का हो, बैल सुटलाय का?" तो पळणारा मीच. येत्या रविवारी मुंबई मॅरेथॉनमध्ये ४२ किलोमीटर १९५ मीटर पळायचं आहे. २००४ साली सुरू झालेली ही शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी भरते. संपादकांनी आग्रह केला, म्हणून तयारीबद्दल हे चार शब्द.

पळणं हे शहरी लोकांचं खूळ आहे, असं कोणी समजू नये. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना सर दोराबजी टाटांनी पाहिली. पुढच्याच वर्षी, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला, त्यांनी पुढाकार घेऊन आपले खेळाडू पाठवले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांचा १९ वा नंबर आला आणि वेळ लागला २ तास ५० मिनिटं. अलीकडचं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचं. मोही गावची शेतकऱ्याची लेक ललिता बाबर २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. २०१६ साली तिने रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. माण तालुकाही आपल्यासारखाच, आभाळाकडे बघत बसणारा.

आता माझी फजिती सांगतो. दोन वर्षांमागे मी याच शर्यतीला गेलो होतो. आठ दिवस राहिले तशी मनात धास्ती शिरली की तयारी कमी पडली. म्हणून शेवटच्या रविवारी तीस किलोमीटर पळालो. वर टोळीत माणूस कमी होता, तर दोन दिवस मोळ्या वाहिल्या. मुंबईत वरळीचा सागरी पूल ओलांडेपर्यंत सगळं झकास होतं. परतीला पेडर रोडचा चढ आला आणि मांड्यांत गोळे आले. उरलेलं अंतर पाय ओढत चालत काढलं.

घरी आल्यावर अण्णा, म्हणजे आमचे वडील, एवढंच म्हणाले, "अरे, तोडणीआधी उसाचं पाणी कशासाठी तोडतोस?"

तिथे माझे डोळे उघडले. तोडणीच्या दोन-तीन आठवडे आधी आपण उसाचं पाणी बंद करतो. वाढ थांबते, कांडीत साखर भरते, उतारा चांगला येतो. वजनाच्या लोभाने शेवटपर्यंत पाणी देणाऱ्याचा ऊस पाणचट निघतो. माणसाच्या अंगाचंही तेच आहे. कमावलेली ताकद आधीच्या चार-सहा महिन्यांची असते. शेवटच्या आठवड्यात ती वाढत नाही, फक्त थकवा वाढतो. खेळाच्या अभ्यासकांचंही म्हणणं असंच आहे: शेवटचे दोन आठवडे पळण्याचं अंतर निम्म्याच्या आसपास आणावं, वेग मात्र मोडू नये.

यंदा त्याप्रमाणे चाललो आहे. तीन आठवडे आधी शेवटची लांब धाव झाली, ३० किलोमीटरची. नंतर अंतर उतरवत आणलं. या आठवड्यात दिवसाआड पाच-सहा किलोमीटर, तेही रमतगमत. झोप भरपूर घ्यायची. शर्यतीच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून त्याच्या आधीच्या रात्रीची झोप सोडायची नाही.

खाण्याचं सांगतो. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो. बहुतेकांचा तो तीस किलोमीटरच्या पुढे संपत येतो, आणि पेडर रोड नेमका तिथेच उभा आहे. म्हणून शेवटचे तीन दिवस भाकरी, भात, बटाटा, गूळ वाढवायचा. तेलकट-तिखट कमी करायचं. आदल्या दिवशी उसळी नकोत, साधा भात बरा. वजन किलोभर वाढलं तर घाबरू नये; त्या साठ्याबरोबर अंगात पाणीही धरलं जातं.

मुंबईची हवा दमट. आपल्या कोरड्या थंडीत पळणाऱ्याला तिथे घाम जास्त येतो. पाणी प्यावं, पण तहानेपुरतं. भीतीपोटी तांबेच्या तांबे रिचवले तर रक्तातलं मीठ उतरतं आणि जिवावर बेततं. नवे बूट त्या दिवशी काढू नयेत. नखं चार दिवस आधी कापावीत, काखेत-जांघेत व्हॅसलीन लावावं. चाळिशी ओलांडलेल्यांनी, साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय या फंदात पडू नये. आणि अंधारात पळणाऱ्यांनी अंगावर चमकणारी पट्टी लावावी. ट्रॉलीला लावतो तशीच.

इतकं सगळं शहाणपण आलं, पण परीक्षा बाकी होती. सोमवारी चिटबॉय येऊन सांगून गेला, "तुमच्या दोन एकराची तोड बुधवारी." दोन वर्षं वाट पाहिलेली शर्यत आणि वर्षभर वाट पाहिलेली तोड एकाच आठवड्यात! तोडलेला ऊस वाळला की वजन जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मनाने घेतलं, मुंबईचं राहू द्यावं. फडात टोळी राबत असताना घरधन्याने पाय वर करून बसायचं, हे पटेना. चार लोक काय म्हणतील, तेही होतंच.

बुधवारी पहाटे कोयता घेऊन निघालोच होतो. धाकट्या भावाने दारातच अडवलं. कोयता हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "दादा, फडाकडं यायचं न्हाई. रविवारपतोर तुमचं पाणी तोडलंय."

हे लिहीपर्यंत निम्मा फड झाला आहे. शर्यतीचा नंबर आधी स्वतः जाऊन घ्यावा लागतो, म्हणून शुक्रवारी रात्रीच्या एस.टी.ने निघतो आहे. उसाचा उतारा कारखाना सांगेल. माझा उतारा पुढच्या अंकात कळवीन, भरला तरी आणि पडला तरी.