शनिवारची गाडी

संध्याकाळी देवापाशी दिवा लावला आणि फोन वाजला. न्यू जर्सीत तेव्हा सकाळ. माझ्या भाचीची मुलगी बोलत होती. "मावशीआजी, तू बँकेत होतीस ना? मला एक हिशेब करून दे." मला वाटलं, शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज वगैरे असेल. सारी नोकरी बँकेत काढलेल्या बाईला त्याचं काय भय? पण हिशेब निघाला गावाचा.

मुलगी जन्माने अमेरिकन. तिथल्या एका सरकारी विद्यापीठात गणित शिकते, जोडीला हौसेने जर्मन. तिसऱ्या वर्षी परदेशात शिकून यायचं असं बरीच मुलं तिथे करतात. हिचा देश ठरला होता, जर्मनी. गाव ठरत नव्हतं. आईचं म्हणणं हायडेलबर्ग. डोंगर, नदी, किल्ला, सगळं चित्रातल्यासारखं. बाबांचं म्हणणं म्युनिक. मोठमोठ्या कंपन्या, पुढे नोकरीला बरं. तिच्या तीन मैत्रिणी बर्लिनला निघालेल्या. आणि ती स्वतः कागदाच्या तळाशी एक चौथं नाव लिहून बसली होती : ग्योटिंगन. सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं गाव. घरात कुणी नावही ऐकलेलं नव्हतं.

"तुला तिथेच का जायचंय?" मी विचारलं.

"माझ्या पुस्तकातली अर्धी प्रमेयं तिथली आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "पण भीती वाटते. तिथे माझं कुणीच नाही."

हे 'कुणीच नाही' जमेच्या बाजूला मांडायचं की खर्चाच्या, हाच खरा प्रश्न होता. पण आधी आम्ही पैशाचा हिशेब केला, कारण तो सोपा.

जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठं शिकवण्याची फी घेत नाहीत. सहामाहीची थोडी वर्गणी भरली की झालं. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गने मात्र २०१७ मध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १५०० युरो फी लावली. अर्थात ही मुलगी दोन विद्यापीठांमधल्या देवाणघेवाणीतून जाणार होती. तिने फी आपल्याच विद्यापीठात भरायची, तिकडे माफ. मैत्रिणींची वाट वेगळी होती. काही अमेरिकन संस्थांनी जर्मनीत आपली केंद्रं काढली आहेत. त्यांचेच वर्ग, त्यांनीच बघून दिलेल्या खोल्या, ताप आला तर दवाखान्यात नेणारं माणूसही त्यांचंच. सोय मोठी, बिलही मोठं. शिवाय खोलीभाड्यात म्युनिक सर्वांत महाग, म्हणजे बाबांचं गाव तिथेच गळलं.

एका गोष्टीवर माझा बँकवालीचा जीव जडला. तिकडे 'श्पेरकोंटो' नावाचं खातं असतं. अडवलेलं खातं म्हणा ना. वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचा आणि दरमहा त्याचा बारावा हिस्साच काढायचा. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. आपल्या मुलांना व्हिसाच्या आधीच हे दाखवावं लागतं. अमेरिकन नागरिक मात्र व्हिसाशिवाय तिथे उतरून, नव्वद दिवसांच्या आत परवान्याचा अर्ज करू शकतो. एकाच घराण्यातल्या दोन मुलांपैकी पुण्यातल्याने रांग लावायची आणि न्यू जर्सीतल्याने विमानात बसायचं, असा हा पासपोर्टचा खेळ.

खरा अडथळा होता कॅलेंडरचा. अमेरिकेतली पहिली सहामाही ऑगस्टअखेर सुरू होऊन नाताळाआधी संपते. जर्मनीत हिवाळी सहामाहीचे तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीपर्यंत चालतात. अर्धवट सोडून आलं तर परीक्षा हुकणार. तेव्हा एक तर एप्रिल ते जुलैची उन्हाळी सहामाही घ्यायची, नाही तर पूर्ण वर्ष. तिने वर्ष घ्यायचं ठरवलं. हिशेब अपुरा राहिला की काय होतं, याचं उदाहरण मी तिला दिलं ते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइसचं. हा कृष्णवर्णीय अमेरिकन विद्वान १८९२ मध्ये बर्लिनला शिकायला गेला. दोन वर्षांनी शिष्यवृत्ती देणाऱ्या निधीने मुदत वाढवली नाही आणि एवढा बुद्धिमान माणूस बर्लिनच्या डॉक्टरेटवाचून परतला.

मग उरला गावांचा हिशेब. कबूल करते, सुरुवातीला मीही हायडेलबर्गच्याच बाजूची होते. आपल्या खंडोबा-बिरोबाच्या मागे धनगरवाड्या पालथ्या घालणारे गुंथर सोन्थायमर तिथेच शिकवत. मी मोठ्या उत्साहाने हे सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "आजी, ते जर्मनीहून तुमच्याकडे येऊन मराठी शिकले. मी जर्मनीत जाऊन इंग्रजीच बोलत बसायचं का?" तिचंही खरं होतं. १८७८ मध्ये मार्क ट्वेन तिथे राहून गेला, युद्धात गाव जवळजवळ शाबूत राहिलं, पुढे अमेरिकन लष्कराचं युरोपातलं मुख्यालय २०१३ पर्यंत तिथे होतं. हा दीडशे वर्षांचा शेजार. तोंड उघडायच्या आत समोरचा इंग्रजीत सुरू होणार. बर्लिनचं तेच, आणि तिथे तर तीन मैत्रिणी घरातच.

इथे मला माझं सातारा आठवलं.

१९८८ मध्ये मला अधिकारीपदाची बढती मिळाली. बदलीसाठी तीन गावं लिहून द्या, असा कागद आला. मी सोलापूर, कुडाळ आणि सातारा लिहिलं, आणि मनोमन साताऱ्यासाठी नवस बोलले. कारण एकच : पुणं एकशे दहा किलोमीटरवर. नवस फळला. शनिवारी अर्धा दिवस बँक; तीनची एसटी पकडली की संध्याकाळी घरी. सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. अडीच वर्षं मी असं केलं. अजिंक्यतारा काउंटरवरून रोज दिसायचा. एकदाही चढले नाही. शेजारच्या काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं की नेमका शनिवार असायचा. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत कितीतरी गावं आली. सातारा आलं नाही. येणार कसं? मी तिथे राहिलेच नव्हते, फक्त नोकरी केली होती.

हे मी तिला सांगितलं. म्हटलं, "ज्या गावातून शनिवारी घरी पळता येतं ते गाव आपलं होत नाही. बर्लिनमध्ये तुझ्या तीन मैत्रिणी म्हणजे रोजचाच शनिवार." कपाटातून एक नोट काढून फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरली. दहा मार्कांची, जर्मनीला राहून आलेल्या मैत्रिणीने आठवण म्हणून दिलेली. नव्वदच्या दशकात परकीय चलनाच्या टेबलावर अशा कित्येक मी मोजल्या. त्यावर गाउसचं चित्र आहे, शेजारी त्याचा तो घंटेसारखा आलेख, आणि मागे ग्योटिंगनच्या इमारती. तिने किंकाळीच फोडली!

गाव आपल्याला वाटतं तितकं परकं नाही, हेही मी तिच्या आईला पटवलं. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे कीलहॉर्न पुढे ग्योटिंगनला प्राध्यापक झाले, रा. गो. भांडारकरांना १८८५ मध्ये तिथूनच सन्मानाची डॉक्टरेट मिळाली. आणि अमेरिकन विद्यार्थी तर तिथे १८१५ पासून जातात. पहिल्यांतला एडवर्ड एव्हरेट १८१७ मध्ये डॉक्टरेट घेऊनच निघाला. बँकवाल्यांचा कुलपुरुष जे. पी. मॉर्गनही तरुणपणी तिथे गणित शिकला. पण भाचीचं एकच पालुपद : "मावशी, एकटी मुलगी." त्याला उत्तर मुलीनेच दिलं. एमी न्योटर ही ग्योटिंगनची थोर गणिती. १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने ज्यू म्हणून तिला काढलं आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ती अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात शिकवायला आली. "आई, तिचं आपल्याकडे कोण होतं?" यावर आई काय बोलणार?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ती गेली. सगळं गोडगोड झालं असं सांगणार नाही. घरमालकाची चिठ्ठी घेऊन दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करा, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारीच पाव आणून ठेवा, डिसेंबरात सव्वाचारलाच अंधार. पहिल्या महिन्यात तासाला निम्मं कळेना. आणि माझ्या सल्ल्यातली खोट मला तेव्हा कळली : बर्लिन रेल्वेने जेमतेम अडीच तासांवर! पहिले दोन शनिवार ती पळालीच. मी काही बोलले नाही. कोणत्या तोंडाने बोलणार?

तिसऱ्या शनिवारी तिकिटाचे पैसे वाचवायला ती थांबली. वसतिगृह ओस, जर्मन मुलंही घरोघर पळालेली. स्वयंपाकघरात उरल्या दोघी, ही आणि एक जॉर्जियाची मुलगी. ("अय्या, म्हणजे अटलांटाची?" आई म्हणाली. नाही, कॉकेशस पर्वताकडचा तो देश.) त्या मुलीला इंग्रजी येत नव्हतं, हिला जॉर्जियन. मग कांदा कसा चिरायचा इथपासून वडिलांच्या आजारपणापर्यंत सगळं मोडक्या जर्मनमध्ये. जुलैत परतली तेव्हा ती जर्मन बोलत होती, पण म्हणे जॉर्जियन वळणाचं. नोट सोबत नेली होती. जर्मनीची मध्यवर्ती बँक अजूनही मार्क बदलून देते, दहाला पाच युरो अकरा सेंट. तिने बदलली नाही. नोटेवरच्या इमारती गावात शोधून, नोट तशीच परत आणली.

या जानेवारीत मी साताऱ्याला गेले आणि अजिंक्यतारा चढले. पस्तीस वर्षं उशीर, गुडघ्यांनी त्याचं व्याज वसूल केलं. वर उभी राहून खाली पसरलेलं गाव ओळखायचा प्रयत्न केला. काकूंचं घर सापडलं नाही, बँकही नाही. ओळखू आला तो एकच, एसटी स्टँड.