अनुसूचित जमातीची मान्यता आणि तालुक्याची सीमा : केळापूरचे उदाहरण

संविधानाच्या 342 व्या अनुच्छेदान्वये कोणती जमात ‘अनुसूचित’ मानावयाची हे राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते. पुढे त्या यादीत फेरफार करण्याचा अधिकार केवळ संसदेस आहे. ही तरतूद वरवर पाहता निव्वळ तांत्रिक वाटते. केळापूर तालुक्याच्या सीमेवर उभे राहिले असता तिचा खरा अर्थ उमगतो.

1950 च्या आदेशात, तत्कालीन मध्य प्रदेशात मोडणाऱ्या यवतमाळ जिल्ह्याच्या पाच तालुक्यांपैकी केळापूर, वणी व यवतमाळ या तिहींचाच समावेश होता. दारव्हा व पुसद हे तालुके वगळले गेले. शिवाय मान्यता होती ती त्या त्या स्थळी वास्तव्य करणाऱ्यांपुरतीच. पांढरकवड्याच्या परिसरातील गोंड वा कोलाम अनुसूचित. तोच दारव्ह्यास जाऊन स्थायिक झाला, तर कुळ, देव, भाषा सारे तेच असूनही कायद्याच्या लेखी तो अनुसूचित राहत नसे. पुसदच्या डोंगरपट्ट्यातील आंधांची स्थिती याहूनही विलक्षण होती. पैनगंगेच्या दक्षिणेस नांदेड जिल्ह्यात हैदराबाद राज्याच्या यादीने आंधांना मान्यता दिली होती, उत्तरेस यवतमाळ तालुक्यातही ती होती. मधल्या पुसदेत मात्र नव्हती. 1956 च्या सुधारित आदेशानेही ही विसंगती कायम ठेवली.

घटना परिषदेतील वाद येथे आठवतो. जयपालसिंग यांचा आग्रह ‘आदिवासी’ या शब्दासाठी होता. 1948 च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकरांनी त्यास दिलेले उत्तर असे, की तो शब्द सामान्य असून त्यास निश्चित कायदेशीर अर्थ नाही. उलट ‘अनुसूचित जमाती’ या संज्ञेत जमातींची नामवार गणना असल्याने हक्क कोणाचा हे निःसंदिग्ध राहते. हा युक्तिवाद बिनतोड होता असेच म्हणावे लागते. मात्र नावाबरोबर यादीत तालुकाही आला, आणि निश्चिततेची किंमत पुसद-दारव्ह्याच्या लोकांना मोजावी लागली.

प्रश्न केवळ सवलतींचा नव्हता. 330 व 332 या अनुच्छेदांन्वये राखीव जागांची संख्या अनुसूचित जमातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरते. ज्यांना यादीत स्थान नाही त्यांची त्या संख्येत मोजदादच होत नाही. म्हणजे मान्यतेचा अभाव हा प्रतिनिधित्वाचाही अभाव ठरतो. 1976 च्या दुरुस्ती अधिनियमाने (अंमल 27 जुलै 1977 पासून) हे क्षेत्रबंधन उठविले आणि लोकसंख्येच्या पुनर्गणनेची व मतदारसंघांच्या फेररचनेचीही तरतूद केली. 1971 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29.5 लाख असलेली अनुसूचित जमातींची संख्या 1981 मध्ये 57.7 लाखांवर गेली. नैसर्गिक वाढीने एवढा फरक पडणे शक्य नाही.

त्या वाढीत नामसादृश्यावर आधारलेले दावेही होते, आणि मूळ जमातींच्या मनात तेच सर्वाधिक सलते. हलबा-कोष्टी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2000 मध्ये निर्णय दिला, की यादीतील नोंद जशी आहे तशीच वाचावयाची. अमुक समाज तीत अंतर्भूत आहे काय, याची चौकशी न्यायालयांनी करावयाची नाही. राज्याच्या जातप्रमाणपत्रविषयक अधिनियमाने सिद्धतेचा भार दावेदारावर टाकला आहे. यामुळे तोतयांस आळा बसतो, हे खरे. परंतु ज्यांच्या आजोबांचे नाव कोणत्याच शाळेच्या दाखल्यात नाही अशा पोडावरील कोलामासही तोच भार वाहावा लागतो. महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींत कोलामांची गणना होते. राखीव मतदारसंघातही गोंडांच्या मानाने त्यांची संख्या अल्पच भरते, ही बाब आरक्षणाच्या चर्चेत सहसा कोणी काढीत नाही.

व्यक्तीची मान्यता अशी तालुक्याच्या सीमेतून सुटली. भूमीची मात्र सुटली नाही. 1985 च्या आदेशाने केळापूर, घाटंजी, राळेगाव व मारेगाव या तालुक्यांतील ठराविक गावेच पाचव्या अनुसूचीखाली नावानिशी घेण्यात आली. 1996 च्या अधिनियमाने ग्रामसभेस दिलेले विशेष अधिकार याच गावांपुरते आहेत. शिवेपलीकडील पोड त्यांत येत नाही.