मोठा कॉम्प्युटर खाली, लॅपटॉप डोंगरावर

लेबल छपाईवर आपण बोललो तेव्हापासून बऱ्याच गटांकडून एकच प्रश्न येतोय. "आमच्या संघाकडे चांगला मोठा कॉम्प्युटर आहे. आता बाहेर न्यायला लॅपटॉप घ्यायचाय. तोही तेवढ्याच ताकदीचा घ्यावा का?" उत्तर आधीच सांगून टाकतो: नको. मोठा कॉम्प्युटर असताना लॅपटॉप ताकदीचा नको, हलका हवा. हे आम्ही शहाणपणानं सांगत नाही, एकदा पैसे घालवून सांगतोय.

आमच्या संघात जोतिबाच्या डोंगरावरच्या, म्हणजे वाडी रत्नागिरीतल्या बायका आहेत आणि पायथ्याच्या गावांतल्याही आहेत. वरच्या बायका गुलाल, दवणा, नारळ-खोबरं विकतात, यात्रेकरूंना जेवण करून घालतात. खालच्या मसाला, काकवी, पापड करतात. ऑफिस खाली आहे आणि मोठा कॉम्प्युटर तिथंच आहे. १६ जीबी मेमरी, वेगळं ग्राफिक्स कार्ड, दोन बायकांना शेजारी बसून बघता येईल एवढा पडदा. लेबलं, फ्लेक्सची डिझाइनं, या रेडिओच्या भाषणांचं रेकॉर्डिंग कापणं-जोडणं, मालाच्या व्हिडिओची कामं तो करतो. गटांचा हिशोबही त्यावरच.

घोळ झाला तो हिशोबात. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशोब लिहिण्याचं, ते तुम्हाला पाठच आहे. वही होती तेव्हा ती बैठकीत मधोमध असायची. कुणीही ओढून बघायची, बोट ठेवून विचारायची. कॉम्प्युटर आल्यावर हिशोब नीटनेटका झाला खरा, पण तो ऑफिसात राहिला आणि बैठकीत आमचं नुसतं तोंडी सांगणं यायला लागलं. वरच्या एका आक्कांनी दोन बैठकांत विचारलं, "माझं दोन हप्तं कुठं गेलं गं पोरींनो?" आम्ही म्हटलं, आक्का, कॉम्प्युटरमध्ये नाहीत म्हणजे भरले नसतील. आक्कांना लिहिता येत नाही. त्या घरात भिंतीवर कोळशानं रेघ मारून हप्ते मोजतात. शेवटी खाली येऊन शोधलं तर त्यांचे हप्ते त्यांच्याच नावा-आडनावाच्या दुसऱ्या बाईच्या खात्यावर चढलेले. भिंत बरोबर होती, कॉम्प्युटर चुकला होता. चुकला म्हणजे आम्हीच चुकीच्या ओळीत भरले होते. हिशोब पुन्हा बैठकीत नेला पाहिजे, हे तेव्हा ठरलं. लॅपटॉप त्यासाठी हवा होता. ते लक्षात ठेवलं असतं तर पुढची चूक झाली नसती.

आम्ही दुकानात गेलो आणि सांगितलं, आमचा ऑफिसचा कॉम्प्युटर असा-असा आहे, त्याच्या तोडीचा द्या. दुकानदारानं गेम खेळणाऱ्या पोरांसाठीचा लॅपटॉप काढला. "ताई, एकदाच घ्या, भारीतला घ्या." घेतला. अडीच किलोचा तो, वर विटेएवढा चार्जर. दोन तासांत बॅटरी संपायची. वरच्या बैठकीला नेला तर ज्या घरी बैठक तिथं आधी बोर्ड शोधायचा आणि लाईट गेली की सगळ्या गप्प. दोन-तीन महिन्यांत तो ऑफिसातच टेबलावर राहू लागला. डेस्कटॉपशेजारी दुसरा डेस्कटॉप.

असं का होतं, ते समजून घेऊ. ताकदीचं काम करताना कॉम्प्युटर वीज खातो आणि तापतो. डेस्कटॉपला भिंतीतून हवी तेवढी वीज मिळते, पेटीत पंख्यांना जागा असते. जड काम चालू असताना तो सहज दोन-तीनशे वॅट खातो. लॅपटॉपला एवढी वीज आणि एवढी जागा कुठून द्यायची? मग तांब्याच्या नळ्या, मोठे पंखे, जाड पेटी, मोठा चार्जर, आणि वजन. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ग्राफिक्स कार्डाचं नाव दोन्हीकडे एकच असलं, तरी लॅपटॉपमधल्याला कमी वॅट मिळतात, म्हणून त्याचं काम हळू चालतं. म्हणजे पैसे जास्त, वजन जास्त, आणि एवढं करून डेस्कटॉपची बरोबरी नाहीच. घरात चक्की असताना शेताला कुणी दुसरी चक्की घेऊन जात नाही, भाकरी बांधून नेते.

'उचलून नेण्याचा कॉम्प्युटर' या शब्दालाही तसा काही अर्थ नाही. १९८१ साली अमेरिकेत ऑसबॉर्न नावाचा कॉम्प्युटर असाच म्हणून विकला गेला. वजन ११ किलो, पडदा पाच इंच, आणि बॅटरीच नाही. उचलता येतो म्हणजे नेता येतो असं नाही.

आता निवडायचं कसं? वजनाचं सोपं आहे. सव्वा ते दीड किलोच्या आत, १३ किंवा १४ इंचांचा. पंधरा इंचांचा पडदा बघायला बरा वाटतो, पण एसटीत मांडीवर उघडत नाही. वजन विचारताना चार्जरसकट विचारा.

बॅटरीवर मात्र जरा वेळ घालवा. खोक्यावर 'दहा तास', 'बारा तास' असं लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये दिलेली असते ती विचारा. हिशोब लिहिणं, यादी बघणं एवढंच काम असेल तर हलका लॅपटॉप साधारण आठ-दहा वॅट घेतो. ५० वॅट-अवरची बॅटरी असेल तर पाच-सहा तास. उन्हात पडदा पूर्ण उजेडावर ठेवला की त्यातला तास-दीड तास गेला. एवढं गणित बैठकीतली कुठलीही बाई करू शकते, व्याजाचं करतो तसंच. शिवाय चार्जिंग मोबाईलसारख्या चपट्या टाइप-सी पिनेनं होणारं बघा. तसा असेल तर मोठ्या पॉवर बँकेवरही चालतो, फक्त त्या पॉवर बँकेवर लॅपटॉपला पुरेल इतके वॅट लिहिलेत का ते बघून घ्यायचं.

आता आमच्या डोंगराची गोष्ट. जोतिबाला ज्या गेल्यात त्यांना सांगायला नको. चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं' होतं आणि गुलाल असा उधळतो की माणसं, दगड, भिंती सगळं एका रंगाचं. हा गुलाल पिठासारखा बारीक. लॅपटॉपचा पंखा हवा आत ओढतो, म्हणजे गुलालही ओढतो. आमच्या त्या भारी लॅपटॉपला एकाच यात्रेत पंखा घरघरायला लागला. उघडला तर जाळीवर गुलालाचा थर. म्हणून आमच्यासारख्या ठिकाणी बिनपंख्याचा लॅपटॉप मिळाला तर सोनंच. काही हलक्या लॅपटॉपना पंखा लागतच नाही, कारण त्यांचा प्रोसेसर फार तापत नाही. जड कामाला ते कमी पडतात, पण जड काम आपण खाली करतोच आहोत. गुऱ्हाळाजवळ, गिरणीत, मसाल्याच्या कांडपाशेजारी काम करणाऱ्या गटांनीही हे ध्यानात ठेवा. पंख्याचाच घ्यावा लागला तर हवेची जाळी खालच्या बाजूला नसलेला बघा. मांडीवर किंवा सतरंजीवर ठेवला की खालची जाळी बंद होते.

पडदा दुकानात बघू नका. ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे छान दिसतात. लॅपटॉप हातात घेऊन दुकानाच्या दारात उन्हाला या. चकचकीत पडद्यात आपलंच तोंड दिसतं, मंद काचेचा बरा. पडद्याचा उजेड 'निट'मध्ये मोजतात. स्वस्तातल्यांना साधारण २५०, अंगणात बसून वाचायला ३०० तरी हवेत, ४०० मिळाले तर उत्तम.

प्रोसेसरची चर्चा दुकानदार सगळ्यात जास्त करतो, आम्ही सगळ्यात कमी करू. इंटेलचा आय-थ्री किंवा एएमडीचा रायझन-थ्री, अलीकडचा असेल तर हिशोबाला आणि रेकॉर्डिंग ऐकायला पुष्कळ झाला. मेमरी ८ जीबी, आणि पुढं वाढवता येते का ते विचारा, कारण पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच चिकटवलेली असते. साठवण २५६ जीबीची एसएसडी पुरे. फोटो आणि व्हिडिओ डेस्कटॉपवरच राहणार आहेत. फार स्वस्तातला ६४ जीबीचा दाखवला तर हात जोडा. विंडोजच्या अपडेटनंच तो भरून जातो.

कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप कोल्हापुरात मिळतात. दणकट असतात, निम्म्या किमतीतही मिळून जातात. आमचा आत्ताचा तसलाच आहे. पण दोन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ रीतसर चालायला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. आणि दुकानदाराला 'बॅटरी रिपोर्ट' काढून दाखवायला सांगा. बॅटरी नवी होती तेव्हाची क्षमता आणि आजची क्षमता, दोन्ही त्यात लिहून येतात. निम्मी उरली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा.

लॅपटॉप आणला, खालची फाईल त्यावर उघडली, आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला. आमचं असंच झालं. व्हायरस नव्हता तो. डेस्कटॉपवर आम्ही श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत होतो. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट असेल तर 'क' दिसतो, नसेल तर त्या जागेवरचं मूळ चिन्ह दिसतं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते लॅपटॉपवर, मोबाईलवर, कुठंही मराठीच दिसतं. तेव्हा लॅपटॉप घ्यायच्या आधीच सभासदांच्या याद्या आणि हिशोब युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलणारी साधनं मिळतात, पण ती रफार आणि जोडाक्षरं मोडतात. नावं एकेक वाचून तपासा. आमच्या आक्कांच्या प्रकरणानंतर तर तपासाच. फ्लेक्सवाल्याला जुना फॉन्टच लागत असेल तर ते काम डेस्कटॉपवर राहू द्या.

टायपिंगची भीती नको. विंडोजमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट आधीपासूनच असतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ज्या मुली मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात त्यांच्यासाठी तशी सोयही त्यातच आहे.

दोन यंत्रं झाली की एकाच हिशोबाच्या दोन प्रती होतात, आणि दोन्हींत कुणीतरी लिहितं. मग खरी कुठली? आमच्याकडे खरी प्रत डेस्कटॉपवरची. वर जायच्या दिवशी त्या गटाची फाईल लॅपटॉपवर घ्यायची, तोपर्यंत खाली तिला कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी उतरलं की परत ठेवायची, फाईलच्या नावात तारीख घालून. तिसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसऱ्या बाईच्या घरी. इंटरनेटवरून आपोआप जुळणी करता येते, पण यात्रेत आणि खेट्यांच्या रविवारी एवढी माणसं वर येतात की फोनसुद्धा लागत नाही. त्याच्या भरवशावर बैठक ठेवू नका.

लॅपटॉपवरून खालचा डेस्कटॉप चालवायचीही सोय असते. एनीडेस्कसारख्या प्रोग्रॅमनं वर बसून खालचं लेबल बदलता येतं. पण त्याचा कोड कुणी अनोळखी माणसानं फोनवर मागितला, मग तो बँकेचा म्हणो की कंपनीचा, तर फोन ठेवून द्या. कोड दिला की आपला कॉम्प्युटर त्याच्या हातात.

लॅपटॉप चोरीला जाऊ शकतो, गर्दीत तर जातोच. सभासदांच्या आधारकार्डांचे आणि पासबुकांचे फोटो त्यावर ठेवू नका. पासवर्ड लावा, विंडोजमधलं डिस्क कुलूपबंद करण्याचं सेटिंग चालू करा, आणि ते उघडायची लांबलचक किल्ली कागदावर लिहून गटाच्या पेटीत ठेवा. पासवर्ड दोघींना माहीत हवा. एकीलाच माहीत असला आणि ती माहेरी गेली तर सगळा संघ बसून राहतो, हेही आम्ही भोगलंय.

खरेदीचा ठराव बैठकीत करा, बिल संघाच्या नावानं घ्या. त्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का हे भाव ठरवतानाच विचारा. आणि बिघडला तर माणूस घरी येणार की आपण कोल्हापूरला हेलपाटा मारायचा, हे वॉरंटीच्या कागदावर बघून घ्या.

आता वरच्या बैठकीत आम्ही लॅपटॉप पाटावर ठेवतो, अक्षर मोठं करतो आणि पडदा बायकांकडे वळवतो. आक्कांना अक्षर येत नाही, पण आकडा ओळखतात. त्या त्यांच्या ओळीवर बोट ठेवून हप्ते मोजतात, तेव्हा पडद्याला गुलालाची बोटं उठतात. ती सुक्या मऊ फडक्यानं पुसायची. ओलं फडकं लावू नका, गुलालाचा चिखल होतो आणि कडेतून आत जातो.