अक्षरखिडकी (लेखांक ७) : कोणते गट डोळ्यांसमोर, कोणते पडद्याआड

मागच्या आठवड्यात आपण ईमॅक्स या संपादकातल्या ग्नूसला, म्हणजे मेल आणि न्यूजग्रुप वाचण्याच्या प्रोग्रामला, मेल आणि न्यूज असे दोन्ही सर्व्हर जोडून दिले. ज्यांनी ते करून पाहिलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना नंतर एक प्रश्न पडला असणार : काल समोर दिसत असलेले गट आज गेले कुठे?

ते कुठेही गेलेले नाहीत. ज्या गटात न वाचलेलं काही उरलं नाही, तो गट यादीत दाखवायचाच नाही, हा ग्नूसचा मूळ स्वभाव आहे. आपण कालची सगळी पत्रं वाचून काढली, म्हणून गट नजरेआड झाले. कीबोर्डवर शिफ्टसह एल दाबा, सगळे परत दिसतील. नुसता लहान एल दाबला की पुन्हा फक्त न वाचलेलं असलेले गट उरतील. या दोन कळा आधी बोटांत बसवून घ्या, कारण त्यांच्याविना पुढचं सगळं गोंधळाचं वाटेल.

जीमेल किंवा थंडरबर्डची सवय असलेल्याला हे उलटं वाटतं. तिथे फोल्डर वाचून झाला तरी तो डाव्या बाजूला जागच्या जागी असतो. ग्नूसचं वळण मात्र यूजनेटच्या, म्हणजे चर्चागटांच्या जुन्या जाळ्याच्या, काळात पडलं. यूजनेटवर एकेका सर्व्हरवर हजारो न्यूजग्रुप असत. संगणकाचे कॉम्प, विज्ञानाचे साय, समाजाचे सॉक अशी त्यांची कुळं होती, आणि त्या सॉकच्या फांदीवर भारतीय संस्कृतीच्या गटाखाली मराठीचाही गट होता, जिथे मंडळी रोमन लिपीत मराठी लिहीत. अशा पसाऱ्यात ‘सगळं दाखव’ म्हणणं म्हणजे काहीच न दिसणं. मासानोबू उमेदा यांनी मूळ प्रोग्राम लिहिला तो हा पसारा वाचण्यासाठी. १९९४ च्या शरदात लार्स माग्ने इंगेब्रिग्ट्सेन यांनी तो नव्याने लिहायला घेतला, नोव्हेंबर १९९५ मध्ये आवृत्ती ५.० आली, आणि मेलचे फोल्डरही न्यूजग्रुपसारखेच ‘गट’ मानले जाऊ लागले. ही मांडणी मला फार मोलाची वाटते, कारण एकदा दाखवण्या-लपवण्याचे नियम शिकलात की ते घरच्या मेलला आणि बाहेरच्या चर्चांना सारखेच लागू होतात.

या नियमांचा कणा म्हणजे पातळी. प्रत्येक गटाला १ ते ९ मधला एक आकडा असतो. १ ते ५ म्हणजे तुम्ही सबस्क्राइब केलेले गट. ६ आणि ७ म्हणजे सबस्क्राइब न केलेले, पण ग्नूसच्या नोंदीत असलेले. ८ ला झाँबी म्हणतात आणि ९ ला किल्ड. हे शेवटचे दोन म्हणजे माळ्यावर टाकलेलं सामान : रोजच्या वावरात येत नाही, पण हवं तेव्हा शिडी लावून उतरवता येतं. नव्या गटावर सबस्क्राइब केलं की तो सहसा ३ वर बसतो. पातळी बदलायची तर त्या गटाच्या ओळीवर जाऊन शिफ्ट-एस, मग साधा एल, आणि आकडा द्यायचा.

इथे बहुतेक जण पातळीला ‘आवडीचा क्रम’ समजतात आणि सगळं ३ वरच सोडून देतात. तसं करू नका. पातळीवर दोन गोष्टी ठरतात : गट दिसणार का, आणि ग्नूस त्यात नवं काही आलंय का हे तपासायला जाणार का. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ३ दाबून मग जी दाबलंत, तर पातळी ३ आणि त्याखालचेच गट तपासले जातात. ३ आणि मग लहान एल दाबलंत, तर तेवढेच दाखवले जातात. म्हणून माझा आग्रह असा : घरचं आणि कामाचं मेल १ वर, बाकीचं मेल २ वर, रोज वाचायचे न्यूजग्रुप ३ वर, आणि आठवड्याने एकदा डोकवायचे ४ किंवा ५ वर. गाडीत, गावाला, नेट रडतखडत चालत असताना ‘१ जी’ केलं की फक्त महत्त्वाचं मेल येतं आणि लांबच्या न्यूज सर्व्हरची वाट पाहत बसावं लागत नाही. ग्नूस उघडतानाही हाच हिशेब चालतो. सेटिंगला हात लावला नसेल, तर ६ च्या वरच्या गटांकडे ग्नूस सुरुवातीला फिरकतच नाही.

आता अपवाद. समजा, विम्याची कागदपत्रं, वीजबिलं, मुलांच्या शाळेच्या पावत्या असं मेल तुम्ही एका गटात साठवता. ते सगळं वाचलेलं असतं, म्हणजे नियमाने तो गट कधीच दिसणार नाही, आणि हाच गट घाईत लागतो. यावर तीन उपाय आहेत. त्यातल्या एखाद्या पत्रावर उद्गारचिन्हाची कळ दाबून खूण करा. अशी खूण असलेला गट न वाचलेलं काही नसलं तरी यादीत राहतो. दुसरा उपाय अधिक सरळ आहे. गटाच्या ओळीवर शिफ्ट-जी आणि मग पी दाबा, आणि त्या गटाच्या गुणधर्मांत ‘व्हिजिबल’ला ‘टी’ ही किंमत द्या. गट कायमचा दिसू लागेल. असे गट पुष्कळ असतील, तर ग्नूसच्या सेटिंगमध्ये ‘परमनंटली व्हिजिबल ग्रुप्स’ नावाची एक जागा आहे. तिथे नावांचा नमुना लिहिला की त्यात बसणारे सगळे गट एकदम कायमचे दिसतात. मी दुसरा उपाय सुचवीन, कारण तो ज्या गटाला लावला त्याच्यापुरताच राहतो आणि वर्षभराने पाहताना कोड उलगडत बसावं लागत नाही.

एखादा गट क्वचितच लागत असेल, तर यातलं काहीच करू नका. ‘जे’ची कळ दाबून नाव टाइप करा, ग्नूस थेट त्या ओळीवर नेईल.

गट पन्नासच्या पुढे गेले की पातळ्या पुरत नाहीत, मग टॉपिक, म्हणजे गटांना एकत्र ठेवणारी शीर्षकं, वापरायचे. टी दाबला की यादीचा वृक्ष होतो. शिफ्ट-टी आणि एन ने नवा टॉपिक, शिफ्ट-टी आणि एम ने गट त्यात हलवायचा. शिफ्ट-टी आणि सी ने तोच गट दुसऱ्या टॉपिकमध्येही ठेवता येतो. ‘मराठी’ आणि ‘संगणक’ दोन्हींत बसणाऱ्या गटासाठी हे फार उपयोगी आहे. टॉपिकच्या ओळीवर एंटर दाबला की आतले गट मिटतात. मिटलेल्या टॉपिकच्या ओळीवर आतल्या न वाचलेल्या संदेशांचा एकूण आकडा मात्र दिसत राहतो, आणि मला या सोयीतलं सर्वांत मोठं शहाणपण त्या आकड्यात दिसतं. पातळीने लपवलेला गट गप्प असतो. टॉपिकमध्ये मिटलेला गट समोर येत नाही, पण आत किती साचलंय ते सांगत राहतो. म्हणून ज्याचा विसर पडलेला चालेल ते पातळीने लपवा, ज्याचा विसर परवडणार नाही ते टॉपिकमध्ये मिटवा. रिकामे टॉपिक डोळ्यांना खुपत असतील, तर शिफ्ट-टी आणि शिफ्ट-एच ने तेही नजरेआड होतात.

पुढच्या लेखात गटाच्या आत शिरू : शंभर संदेशांतले कोणते वर यावेत आणि कोणते समोर येऊच नयेत, हे ग्नूसच्या स्कोअरने कसं ठरवायचं ते पाहू. तोवर आपल्या गटांना पातळ्या देऊन ठेवा, म्हणजे स्कोअरचे नियम कुठे लावायचे ते आधीच ठरलेलं असेल.