टॉवरला पहिली हाक
फोन चालू केला की आधी टॉवरचं लक्ष वेधावं लागतं. ४जीत प्रत्येक सेलला ६४ सांकेतिक हाका असतात. फोन त्यातली एखादी पाठवतो, टॉवर वेळ जुळवून देतो, फोन ओळख सांगतो, टॉवर ती पक्की करतो. ५जीच्या २०२० मध्ये पूर्ण झालेल्या सोळाव्या आवृत्तीने हाक आणि ओळख एकत्र पाठवून हे काम दोन पावलांत आणलं. मग चार पावलं ठेवायचीच कशाला? कारण वेळ जुळण्याआधी पाठवलेला मजकूर क्षीण सिग्नलमध्ये हमखास पोचेल असं नाही. त्यासाठी राखलेली जागाही वाया जाते. म्हणून ठरावीक मर्यादेपेक्षा सिग्नल जोरदार असेल तरच जवळची वाट, ही तजवीज मला योग्य वाटते. शिवाय नुसती हाक पोचली, तरी टॉवर फोनला लांबच्या वाटेवर वळवून घेतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.