सायकलचे हँडल नेमके किती उंच असावे?

नवी सायकल विकत देताना दुकानदार सीट वरखाली करून देतो, घंटी बसवतो, हवा भरतो आणि गाडी आपल्या स्वाधीन करतो. हँडल मात्र जुळणी करणाऱ्याने ज्या उंचीवर बसवले असेल, त्याच उंचीवर वर्षानुवर्षे राहते. घरातला मुलगा वाढत असतो, दर वर्षी सीट बोटभर वर जाते; पण हँडल जागचे हलत नाही. मग तो दिवसेंदिवस अधिकाधिक वाकून सायकल चालवू लागतो आणि आपण त्याला पाठ सरळ ठेवण्याचा उपदेश करत राहतो. वस्तुतः दोष त्याच्या पाठीचा नसतो.

प्रस्तुत लेखकाला हे उमगले ते पन्नाशी ओलांडल्यावर. रोज दहा-बारा किलोमीटर सायकल चालवण्याचा नेम धरला आणि महिन्याभरात उजव्या हाताची करंगळी व अनामिका बधिर होऊ लागली. मानेचे दुखणे असावे, या समजुतीने तपासण्याही झाल्या. अखेरीस पेठेतल्या एका वयस्क दुरुस्तीवाल्याने हाताकडे न पाहता सायकलकडे पाहिले आणि हँडल दोन सेंटीमीटर वर उचलले. दोन-तीन आठवड्यांत बोटे पूर्ववत झाली.

यामागचे कारण सोपे आहे. सायकलस्वाराचे वजन सीट, पॅडल आणि हँडल यांवर विभागले जाते. हँडल जितके खाली, तितका धडाचा भार हातांवर अधिक. तळहाताच्या करंगळीकडील बाजूने अल्नर नावाचा मज्जातंतू जातो. मूठ नेमकी तिथेच दाबली गेली, की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. शिवाय खाली वाकलेल्या माणसाला रस्ता पाहण्यासाठी मान मागे मोडून धरावी लागते. मात्र हँडल वाजवीपेक्षा उंच केले, तर सगळा भार सीटवर येतो, प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट माकडहाडापर्यंत पोहोचतो आणि चढावर पुढचे चाक हलके पडते. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींचे हँडल उंच आणि सीट रुंद, स्प्रिंगची असे, ती याच हिशेबाने.

शर्यतीच्या सायकलस्वारांचे हँडल खाली का, असा प्रश्न पडेल. वेग वाढला की वाऱ्याचा विरोध हाच मुख्य शत्रू ठरतो आणि वाकलेले शरीर वाऱ्याला कमी अडते. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून विश्वविक्रम केला, तेव्हा त्याने हात छातीखाली दुमडून धरले होते. सहाच दिवसांनी ख्रिस बोर्डमनने तो विक्रम मोडला आणि पुढच्या वर्षी ओब्रीच्या त्या बैठकीवर बंदीही आली. भाजी आणायला निघालेल्या माणसाने त्याचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

हँडलला हात लावण्यापूर्वी सीटची उंची ठरवावी, कारण हँडलची उंची सीटच्या संदर्भातच मोजायची असते. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय जेमतेम सरळ व्हावा; मग पंजा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. यानंतर रोजच्या वापरासाठी हँडलच्या मुठी सीटच्या पातळीत किंवा तिच्याहून तीन-चार सेंटीमीटर वर ठेवून सुरुवात करावी. कोपर थोडे वाकलेले राहतात का, आणि क्षणभर हात सैल सोडले तर धड पुढे कोसळत नाही ना, एवढे पाहावे.

आता प्रत्यक्ष काम. जुन्या आणि बहुतेक साध्या सायकलींत हँडलचा दांडा पुढच्या चिमट्याच्या नळीत आत उतरलेला असतो आणि तळाशी पाचर असते. वरचा बोल्ट तीन-चार आटे सैल करावा, पूर्ण काढू नये. बोल्टचे डोके वर आले की त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलकेच ठोकावे, पाचर सुटते. मग पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवत वर घ्यावे.

येथे एक गोष्ट प्राणांशी निगडित आहे. या दांड्यावर कमाल उंचीची आडवी खूण कोरलेली असते. ती नळीच्या बाहेर कधीही दिसता कामा नये. मुलाला सायकल आणखी एक वर्ष पुरावी म्हणून अनेक पालक ही खूण ओलांडतात. मग पाचर नळीच्या आटे पाडलेल्या, म्हणजे मुळातच कमकुवत भागावर दाब देऊ लागते. तिथे नळीला तडा जाऊ शकतो, किंवा दांडाच उपटून हातात येतो, आणि तोही बहुधा उतारावर. खूण पुसली गेली असेल, तर निदान सहा-सात सेंटीमीटर दांडा आत राहिलाच पाहिजे. एवढ्याने भागत नसेल, तर अधिक लांब दांड्याचे हँडल घ्यावे.

अलीकडच्या गिअरच्या सायकलींची रचना निराळी आहे. त्यांत स्टेम नळीला बाहेरून आवळलेला असतो आणि उंची त्याखालच्या कड्यांवर, म्हणजे स्पेसरवर ठरते. वरची कडी खाली घातली की हँडल तितके वर येते. नळी तिरकी असल्याने एक सेंटीमीटर उंचीमागे हँडल सुमारे तीन मिलिमीटर जवळही येते, हे ध्यानात ठेवावे. कड्या संपल्या असतील, तर स्टेम उलटा बसवून पाहावा. दहा सेंटीमीटर लांबीचा आणि सहा अंश कलाचा स्टेम उलटवला, की जवळपास दोन सेंटीमीटरचा फरक पडतो. या सायकलींत माथ्यावरचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, तो केवळ बेअरिंगमधला खुळखुळाट घालवतो. पक्की पकड बाजूच्या बोल्टांची. म्हणून आधी बाजूचे सैल, मग माथ्याचा खुळखुळाट जाईपर्यंतच आवळायचा, आणि शेवटी बाजूचे बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर छापलेल्या मर्यादेत. हँडल हलते म्हणून माथ्याचा बोल्ट करकचून आवळणारे महाभाग बेअरिंगची वाट लावतात आणि हँडल हलायचे ते हलतेच.

हँडल हलवल्यावर ब्रेक तपासणे अनेकजण विसरतात. सळईच्या ब्रेकच्या सायकलीत हँडल वर घेतले की सळई ओढली जाऊन पुढचे ब्रेक रिमला घासू लागतात. खाली घेतले, तर ब्रेक लागतच नाहीत. सळईच्या जोडावरचा बोल्ट सैल करून ती पुन्हा जुळवावी लागते. केबलच्या सायकलीत हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही ना, हे पाहावे. एका वेळी एक सेंटीमीटरहून अधिक बदल करू नये, आणि मूळ जागी चिकटपट्टीची खूण लावून ठेवावी. आठवड्याभरात मान किंवा मनगटे कुरकुरू लागली, तर परत तिथवर येता येते.